बराखीतला डाव

भाऊबीजेच्या सकाळी आदेशनं बायकोला मोटारसायकलवरून मंचरच्या स्टँडवर आणून सोडलं. पिशवी तिच्या हातात देताना तो म्हणाला, "भावाला ओवाळ, गोडधोड खा, तुमचे ते शिपाई खेळायचे तेवढे खेळ. पण कशावर सही करू नको."

"कसली सही?" संस्कृतीनं विचारलं.

"कळंल तुला तिकडं," म्हणून त्यानं गाडी वळवली.

एसटी नारायणगावकडं लागली तशी तिला उमगलं. तिचे वडील, सयाजीअप्पा, मागच्या हिवाळ्यात गेले. सातबाऱ्यावर तीन नावं चढली: आईचं, धाकट्या भावाचं म्हणजे अमृतचं, आणि तिचं. तिनं काही मागितलं नव्हतं, कायद्यानं चढलं. तिकडच्या बहिणी भावाच्या नावे हक्कसोड करून देतात. मावशीनं दिली होती, चुलत बहिणींनी दिली होती. आदेशच्या बहिणीनंही दिली होती, आणि तेव्हा आदेशच तिला जीपमध्ये घालून घोडेगावला सहीला घेऊन गेला होता. ज्या एकदोघींनी दिली नाही, त्यांना माहेरी पाण्याचा तांब्याही कुणी पुढं करत नाही, असं गावात अजून बोललं जायचं.

संस्कृती खिडकीबाहेर बघत राहिली. अवसरीत तिच्या सासरी चार खोल्या. दोन कॉलेजच्या पोरांना भाड्यानं दिलेल्या, एक सासूबाईंची, एक हिची, नवऱ्याची आणि मुलाची मिळून. तिची स्वतःची जागा म्हणाल तर शिलाई मशीनचं झाकण. त्यावर कधी रंगाच्या बाटल्या मांडल्या, की चिमाबाई, तिच्या सासूबाई, म्हणायच्या, "आवर गं ते, ब्लाउज टाकायचाय."

रंगाचं वेड तिला लॉकडाऊनमध्ये लागलं. अमृत तेव्हा पुण्यात नोकरीला होता. कंपनीतला एक जण कायमचा परदेशी चालला, त्यानं जाताना आपला एक खोका अमृतला देऊन टाकला. आत करड्या प्लॅस्टिकचे शिपाई, करंगळीच्या दोन पेरांएवढे. अर्धे रोमन, अर्धे त्यांचे वैरी कार्थेजवाले, त्यांचे घोडेस्वार आणि तीन हत्ती. टेबलावर दोन हजार वर्षांमागच्या लढाया मांडायच्या, टेपनं मोजून तुकड्या सरकवायच्या आणि फासे टाकून कोण मेलं कोण पळालं ते ठरवायचं, असा तो खेळ. अमृत खोका घेऊन गावी आला आणि सगळं बंद झालं. संस्कृती यात्रेला म्हणून माहेरी आलेली, तीही तिथंच अडकली.

घरामागच्या, कांदा साठवायच्या बराखीत दोघं बसायची. बराख जुनी, विटांची. भिंतीत वर हवेला जाळ्या सोडलेल्या. पुढच्या भागात टोमॅटोचे क्रेट, मागं प्लायचं दार लावून काढलेली एक खोली. शाळेत चित्रकलेच्या दोन्ही ग्रेड परीक्षांत तिला ए मिळाला होता, त्याचा उपयोग पहिल्यांदा तिथं झाला. आधी सगळ्यांना काळा हात मारायचा. चिलखतावर कोरड्या ब्रशनं चांदी घासायची. मग पातळ तपकिरी पाणी सोडायचं. ते खाचांत उतरलं की प्लॅस्टिकचा माणूस होतो. हत्तींच्या झुली तिनं इरकलीच्या काठाच्या केल्या. अमृत वैतागला. "ताई, कार्थेजात इरकल कुठनं आली?"

"नाणेघाटातनं गेली असंल," ती म्हणाली होती.

तेव्हापासून रोमन त्याचे, कार्थेज तिचं. दोन्ही फौजा बराखीतच राहायच्या. पुढं अमृतनं नोकरी सोडली, शेती बघायला लागला, लग्न झालं; पण दर भाऊबीजेला ओवाळणी झाली, जेवणं झाली, की बहीणभाऊ बराखीत जाऊन डाव मांडायचे. वर्षातला तेवढा एक दुपारचा वेळ संस्कृती कुणाची सून, कुणाची आई नसायची.

या भाऊबीजेला जेवताना भावजय मोहिनी वाढता वाढता म्हणाली, "ताई, उद्या सकाळी लवकर आवरायचं हं. जीप सांगितलीय जुन्नरला."

"जुन्नरला कशाला?"

मोहिनीनं अमृतकडं बघितलं. अमृतनं आईकडं. आई, प्रयागबाई, ताटात भात वाढू लागली, ताटात भात असतानाच.

"जेव निवांत," अमृत म्हणाला. "मग डाव मांडू."

संस्कृतीनं हातातला घास ताटात ठेवला. सही मागितली असती तरी एवढं लागलं नसतं. पण जीपच सांगून झाली होती. नाही म्हणून उठावं, तर ते आदेशचं ऐकल्यासारखं होणार. हो म्हणून जावं, तर यांचं. तिला स्वतःला काय वाटतं हे शोधायला गेली, तर तिथं काही सापडेना. ती हात धुऊन मुकाट्यानं भावाच्या मागं बराखीत गेली.

शेजारच्या रानात ऊसतोड चालू होती. कोयत्यांचा आवाज आत येत होता. दोघांनी फौजा मांडल्या. अमृतनं रोमन तुकड्या तीन ओळींत लावल्या, तिनं हत्ती पुढं काढले. एरवी चेष्टामस्करी चालायची. आज नुसता टेप ओढल्याचा आणि फाशांचा आवाज.

"चहा झालाय!" आईनं मागच्या दारातून हाळी दिली.

"आलो!" अमृतनं ओरडून सांगितलं, पण डाव रंगात आलेला, दोघंही उठली नाहीत.

मग रानात एकदम कालवा उठला. तोडकऱ्यांच्या बाया किंचाळल्या, डबे बडवल्याचा आवाज आला. अमृत मान वर करतो न करतो तोच पुढच्या भागात क्रेटची थप्पी धाडकन कोसळली. पाठोपाठ बाहेरचा पत्र्याचा दरवाजा आदळला आणि कडी सरकल्याचा आवाज झाला.

"वाघ! वाघ कोंडला गं!" बाहेर आई जिवाच्या आकांतानं ओरडत होती. "या रं कुणीतरी!"

उसातून उठलेला बिबट्या माणसांना बुजून उघड्या बराखीत घुसला होता. प्रयागबाईंनी ते अंगणातून बघितलं आणि धावत जाऊन कडी घातली. पोरं चहाला घरात आली असं त्यांना वाटलं होतं.

अमृत एका झेपेत प्लायच्या दाराशी गेला. दार आत उघडणारं, कडी म्हणजे नुसता वाकवलेला खिळा. तो पाठ लावून खाली बसला, पाय समोरच्या पोत्याला रोवले. पलीकडं नखं फरशीवर घासत होती. खरखर श्वास ऐकू येत होता, कुणी करवत चालवावी तसा. उग्र वास दाराखालच्या फटीतून आत आला.

अमृतचा मोबाईल घरात चार्जिंगला होता. संस्कृतीनं आपला काढला, आवाज बंद केला आणि मोहिनीला मेसेज टाकला: आम्ही मागच्या खोलीत आहोत. बाहेरचा गलका क्षणभर थांबला. मग आईचा असा हंबरडा उठला की पलीकडचं जनावर गुरगुरून दारावर येऊन आदळलं. प्लाय करकरलं. अमृतचं डोकं दारावर आपटलं.

मेसेज आला: वनखात्याला फोन केलाय, टीम निघालीय, आवाज करू नका.

खोलीला खिडकी होती, रानाच्या बाजूला, पण लोखंडी गजांची. काही वेळानं खाकी कपड्यातल्या वनरक्षक बाई वाकून त्या खिडकीशी आल्या. तोंडाशी हात धरून हलक्या आवाजात म्हणाल्या, "गज कापता येत नाहीत. कटरचा आवाज झाला की ते बिथरंल, आणि तुमचं दार काय टिकायचं नाही. गुंगीचं इंजेक्शन मारणारे डॉक्टर येईपर्यंत दम धरा. दादा, दारापासनं हलू नका. ताई, तुम्ही त्यांना शांत ठेवा." आणि त्या जशा आल्या तशा सरकत गेल्या.

अमृतचा चेहरा पांढराफटक पडला होता. श्वास वरच्या वर चालला होता. लहानपणी विहिरीत उडी मारायच्या आधी तो असाच व्हायचा. संस्कृतीनं इकडंतिकडं बघितलं. मग टेबलावरची फळी, वरच्या फौजांसकट, अलगद उचलली आणि त्याच्यासमोर जमिनीवर ठेवली. अंगावरची शाल काढून घडी केली, फासे वाजू नयेत म्हणून.

"ताई, येड लागलं का?" तो कुजबुजला.

"हलायचं नाही तुला. चाल तोंडानं सांग. मी सरकवते."

"माझी?"

"तुझी पण."

त्यानं फळीकडं बघितलं. मग ओठ ओले करून म्हणाला, "मधली तुकडी. डावीकडं वळव."

तिनं वळवली. तिनं फासे शालीवर सोडले, त्याला दिसतील असे. तिचे हत्ती पुढं सुटले. त्याच्या ओळीपासून ते वीतभरावर आले तेव्हा तो म्हणाला, "वाट दे त्यांना. तुकड्यांच्या मधनं वाट कर." हत्तींना मोकळी वाट दिली की ते सरळ निघून जातात, मागं वळत नाहीत, रोमन लोक हे शिकले होते आणि अमृतही. बोटभर कमी सरकवलं असतं तर त्याला कळलंही नसतं. तिनं टेप लावून नीट वाट केली. तिचे दोन हत्ती त्या वाटेनं फळीच्या कडेपर्यंत वाया गेले.

त्याचा श्वास खाली उतरला. पलीकडं जनावर येरझाऱ्या घालत होतं.

"उद्याची जीप कुणी सांगितली?" तिनं विचारलं.

"ताई, आत्ता?"

"आत्ताच. आत्ता तुला उठून जाता येत नाही."

त्यानं डोळे मिटले. "मी सांगितली. आईला म्हणलं व्हतं, तू बोल ताईशी. आई म्हणली, मोहिनीला सांगू दे. मोहिनी म्हणली, तुमची बहीण, तुमी बोला. शेवटी कुणीच बोललं नाय."

"आणि जीप सांगितली."

"मोहिनीच्या भावाबरोबर, सुदर्शनबरोबर, कोल्ड स्टोरेज काढायचंय, रोडच्या कडेला. तोच सगळं बघतोय. बँक म्हणते सातबारा एकाच्या नावावर पायजे. मी सगळ्यांना हो म्हणून बसलोय ताई. आता मागं कसं सरू? आणि तुला मागायची लाज वाटत व्हती."

हे सगळं इतक्या हळू चाललं होतं की एकमेकांचे ओठ बघावे लागत होते. तिला ओरडायचं होतं. लहानपणी भांडणं झाली की दोघं गल्ली डोक्यावर घ्यायची. आता राग डोळ्यांवाटे बाहेर पडत होता.

"आदेश म्हणतो सही करू नको," ती म्हणाली. "तू म्हणतोस कर. मला काय पायजे, विचारलं कुणी?"

"काय पायजे?"

त्या खोलीत तिची नजर फिरली: रंगाच्या डागांची फळी, बाटल्यांचा खोका, भिंतीत ब्रश खोचायला तिनंच ठोकलेले खिळे.

"ही बराख," ती म्हणाली, आणि तिचं तिलाच आश्चर्य वाटलं. "पुढची-मागची. तेवढी माझ्या नावावर राहू दे. बाकी सगळ्या रानावर सही करते. घरावर पण."

"बराख? काय करणार बराखीचं?"

"कुलूप लावीन. किल्ली माझ्याजवळ ठेवीन."

"बस?"

"बस."

तेवढ्यात दारावर पुन्हा दणका बसला. खिळा निसटून खाली पडला, फटीतून पंजा आत आला, पिवळा, ठिपक्यांचा, आणि अमृतच्या खांद्याजवळ हवेत फिरला. संस्कृती फळी ओलांडून धावली आणि भावाशेजारी पाठ लावून बसली. दोघांनी जोर लावला. पंजा मागं गेला. तिच्या पायाखाली काहीतरी मोडल्याचं तिला जाणवलं.

"दिली," अमृत दातओठ खात म्हणाला. "दिली ताई. बराख तुझी. आईशप्पथ."

तशी खांद्याला खांदा लावून ती दोघं बसून राहिली. गजांतून येणारं ऊन तांबूस होत गेलं. वरच्या जाळीतून काहीतरी फुस्स करून आलं, जनावर एकदा उसळलं, क्रेट उडाले, आणि हळूहळू त्याचे पाय अडखळू लागले. मग काहीच नाही. खूप वेळ काहीच नाही. शेवटी वनरक्षक बाईंचा आवाज आला, "दादा, या बाहेर. झोपलं ते."

बिबट्या मादी होती, वयात येत असलेली. जाळीत घालून चौघांनी तिला पिंजऱ्यात चढवली. संस्कृतीला वाटलं होतं त्याच्या निम्मीसुद्धा नव्हती. अख्खं गाव अंगणात लोटलं होतं. आईनं दोघांना एकदम मिठी मारली आणि म्हणाली, "माझ्याच हातानं कोंडलं गं मी तुमाला. मला वाटलं तुमी घरात हाय."

त्या संध्याकाळी घरात सगळे एकमेकांशी जपून बोलत होते. मोहिनीनं नणंदेच्या पायाला तेल लावलं. संस्कृतीला बऱ्याच दिवसांनी गाढ झोप लागली.

सकाळी दारात जीप आली. चहा पिताना संस्कृतीनं अमृतला विचारलं, "यांना सांगितलंस का, बराखीचं?"

अमृत बशीतल्या चहाकडं बघत राहिला.

"कशाचं?" मोहिनीनं विचारलं. संस्कृतीनंच सगळं सांगितलं. मोहिनी आधी हसली, मग गंभीर झाली. "अवो ताई, बराख पाडायचीय ना. गेट तिथंच येणार. रोडला तेवढंच तोंड हाय आपलं. यांनी नकाशा बघितलाय की."

"अमृत?"

"ताई, तवाची गोष्ट निराळी व्हती," तो बशीलाच म्हणाला.

आईनं तिच्या पाठीवर हात ठेवला. "लेकीला बराख कशाला गं? यायचं तवा ये. घर तुझंच हाय."

"घर माझंच असतं तर सही कशाला लागली असती?" संस्कृती म्हणाली.

ती जीपमध्ये बसली नाही. तासभर समजूत काढणं चाललं, मग मोहिनी आत निघून गेली, आई देवासमोर जाऊन बसली, आणि ड्रायव्हर दोनदा हॉर्न वाजवून रिकामाच परत गेला. कुणी तिला वाईट बोललं नाही. तिलाही कुणाशी भांडता आलं नाही. काल जीव मुठीत धरून ज्याच्या खांद्याला खांदा लावला, त्याच्याशी भांडायचं कसं?

अमृतनंच तिला गाडीवरून नारायणगावच्या स्टँडवर सोडलं. टोमॅटोच्या गाड्यांची गर्दी होती, बोलायचं म्हटलं तरी ऐकू आलं नसतं. एसटी लागल्यावर त्यानं डिकीतून एक खोका काढून तिच्या हातात दिला. आत तिचे कार्थेजवाले होते, वर्तमानपत्रात एकेक गुंडाळलेले.

"घेऊन जा," तो म्हणाला. "तिथं राहिले तर मोडतोड व्हईल."

पुढच्या भाऊबीजेचं दोघंही काही बोलले नाहीत. खोका मांडीवर घेऊन ती मंचरपर्यंत आली.

आदेशला फोनवर आधीच कळलं होतं. त्यानं स्टँडवरून पेढे घेतले. "शाब्बास," तो म्हणाला. "शहाणी निघालीस. मला वाटलं होतं, भावाचं तोंड बघून विरघळशील."

बिबट्याच्या पंजाची भीती वाटली होती, पण त्या पेढ्यानं जसं गुदमरलं तसं तिला तेव्हाही झालं नव्हतं. घरी पोचल्यावर ती चपला काढायच्या आधी म्हणाली, "तुमच्यासाठी नाही केलं. मला ती बराख दिली असती ना, तर बाकी सगळ्यावर सही करून आले असते."

आदेशचा हात पेढ्याच्या पुड्यावरच थांबला. "बराख? पडीक बराखीसाठी रान सोडलं असतंस?"

"हो."

तो मुलाला घेऊन बाहेर गेला. त्या दिवसापासून त्याचं बोलणं भाजीभाकरीपुरतं उरलं. चिमाबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागल्या, सुनेचं डोकं वाघानं फिरवलंय. माहेरचा फोन बंद झाला. दोन्ही घरांत तिचं नाव आता एकाच सुरात घेतलं जात होतं. ती स्वयंपाक करत होती, भाडेकरू पोरांचे डबे भरत होती, मुलाला शाळेत सोडत होती.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी तिनं तो खोका उघडला. दाराकडं धावताना तिच्याच पायाखाली आलेला हत्ती तळाशी होता. सोंड तुटलेली, झुलीचा रंग उडालेला. तिनं मशीनच्या झाकणावर वर्तमानपत्र पसरलं, सोंड चिकटवली आणि इरकलीचा काठ पुन्हा भरायला घेतला. तोच फोन वाजला. अमृत.

"ताई," तो म्हणाला आणि थांबला. मागं ट्रॅक्टरचा आवाज येत होता, तो रानातून बोलत होता. "सुदर्शनला विचारलंय, गेट वरच्या अंगानं काढता येतंय का म्हणून. मोहिनीला अजून बोललो नाय."

तिनं ब्रश पाण्यात ठेवला.

"नक्की काय सांगत नाय मी," तो घाईनं म्हणाला. "बघू."

सयाजीअप्पाही असंच बघू म्हणायचे, आणि निम्म्या गोष्टी तिथंच विरून जायच्या. अमृत तरी कधी कुणाला नाही म्हणाला होता?

"बघ," ती म्हणाली.

फोन ठेवून तिनं ब्रश पुन्हा रंगात बुडवला. बाहेरून चिमाबाईंची हाक आली, "आवर गं ते, साडीला फॉल लावायचाय."

"रंग ओला आहे," संस्कृती म्हणाली. "वाळेपर्यंत थांबा." आणि मान वर न करता ती काठ भरत राहिली.